होंगेकेरेची मासळी

मी देव मानते, पण भुतंखेतं मानत नाही. माझे वडील निपाणीला शाळेत सायन्स शिकवायचे, आणि आमच्या घरी अमावास्येच्या दिवशी मुद्दाम नखं कापली जात. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि, राग मानू नका, बऱ्याचदा मला हसू येतं. माझ्या गोष्टीत पांढरी साडी नाही, पैंजणांचा आवाज नाही, पिंपळही नाही. जे घडलं ते भर उन्हात घडलं, चार शहाण्या माणसांच्या हातात घडलं... त्या चारांतली आता मी एकटीच उरले आहे. म्हणून लिहिते.

पन्नासचं दशक संपता संपता लग्न होऊन मी बंगळूरला आले. सासर बसवनगुडीत. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आलेलं आणि इथेच राहिलेलं मराठ्यांचं घराणं. त्यांची मराठी ऐकून मी पहिल्यांदा गोंधळूनच गेले होते. ‘स्वल्प थांब गं’ म्हणजे जरा थांब, ‘सरी’ म्हणजे बरं. सगळे दीर कचेऱ्यांत, आणि हे — माझे यजमान — मासळीच्या सरकारी खात्यात. सासूबाई म्हणायच्या, आख्ख्या घरात एकच मासेवाला, पण हा कधी घरी मासा आणेल तर शपथ. ते खरंच होतं. ह्यांना मासे खाण्यापेक्षा वाढवण्यात जास्त गोडी होती. जेवताना ताट बाजूला सारून बोटाने जमिनीवर तळ्याचा नकाशा काढायचे, इतका माणूस त्यात बुडालेला.

त्या वेळी ह्यांच्याकडे काही तळी सोपवली होती, त्यातलंच एक होंगेकेरे. केरे म्हणजे तळं, आणि होंगे म्हणजे आपला करंज. के. आर. पुरम स्टेशनवर उतरायचं, बैलगाडीने नाचणीच्या शेतांतून, सुरूच्या बनांतून पुढे जायचं, आणि रस्ता संपला की एका खडकाळ टेकडीला वळसा घालायचा. टेकडीमागे तळं लपलेलं. समोर उभं राहीपर्यंत दिसत नसे. अगदी लहान होतं. या काठावरून हाक मारली तर त्या काठावर ऐकू जायची. बांधावर कोळ्यांची चार-पाच घरं. त्यांचा म्होरक्या मुनियप्पा — काटक, कमी बोलणारा, चाळिशीचा माणूस — आणि त्याची बायको गौरम्मा, माझ्याहून थोडी मोठी.

लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात हे मला तिथे घेऊन गेले. गौरम्माने मरळीचं सार आणि नाचणीची मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, वाढली. मुद्दे चावायची नाही, गिळायची, हे मला ठाऊक नव्हतं. माझी फजिती पाहून ती पदर तोंडाला लावून हसली, आणि तिथून आमचं जमलं. जेवण झाल्यावर ह्यांनी मला काठावर नेलं आणि पाण्यात बोट दाखवलं. पाण्यावर शेंदरी रंगाचा एक डाग हलत होता, कुणी कुंकू सांडावं तसा. नीट पाहिलं तर ती पिल्लं होती, शेकड्यांनी, एकमेकांना चिकटून पोहणारी. आणि खाली काळोखात दोन मोठ्या सावल्या, त्यांच्या जोडीने सरकणाऱ्या. मरळीचं जोडपं. आईबाप दोघंही पिल्लं राखतात, असं ह्यांनी सांगितलं. मला फार मजा वाटली. मग हे म्हणाले, “हेच सगळे काढून टाकायचेत.”

खात्याचा बेत असा होता — बाहेरून रोहू आणि कटला आणून अशा तळ्यांत सोडायचे. हे मासे भराभर वाढतात, दोन वर्षांत हातभर होतात. पण मरळ ठेवली तर ती नवं बी, म्हणजे सोडलेली पिल्लं, खाऊन टाकते. म्हणून आधी तळं साफ करायचं. मुनियप्पाच्या लोकांना त्या तळ्यातून जेमतेम पोटापुरतं मिळायचं. आठवड्याच्या बाजारात चार टोपल्या गेल्या तर गेल्या. ह्यांनी त्याला शेजारी बसवून समजावलं की एवढ्याच पाण्यात दसपट मासळी निघेल, तुझी पोरं शाळेत जातील. हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नव्हते. ह्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता, आणि मुनियप्पाचा ह्यांच्यावर. तो आणि गौरम्मा ह्यांना सामी म्हणत, म्हणजे साहेब.

पाण्यात मोहाची पेंड टाकली. तिने मासे मरतात, पण खायला चालतात, आणि काही आठवड्यांनी पाणी पुन्हा निर्धोक होतं. ती रीतच होती, बाकीच्या तळ्यांतही तेच केलं होतं. दुपारपर्यंत सगळी मासळी वर येऊन तोंडं उघडू लागली. लोक टोपल्या भरत होते, पोरं ओरडत होती, सणच जणू. शेवटी बांधाजवळ एक जोडपं राहिलं होतं, पिल्लांभोवती फिरणारं. मुनियप्पा पाण्यात उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला, आणि एवढी एक जोडी राहू द्यावी का, असं त्याने विचारलं. ह्यांनी शांतपणे सांगितलं की एक जोडीही पुरेशी होते. मग त्याने ती काढली.

पुढे पाणी निवळल्यावर रोहू-कटल्याची पिल्लं आली. कलकत्त्याहून रेल्वेने, पत्र्याच्या डब्यांत. हे स्वतः आणायला गेले होते आणि डब्यांशेजारीच झोपून, वाटेत पाणी बदलत आले. आले तेव्हा दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, पण चेहऱ्यावर आनंद असा की मी तो पुन्हा... असो. पिल्लं होंगेकेरेत सोडली. थोडी एका बारीक कापडी पिंजऱ्यात ठेवली — चार बांबू रोवून पाण्यातच बांधलेला, त्याला खात्यात हापा म्हणत. पिल्लं पाण्याला कशी सरावतात ते बघायला.

वर्ष उलटलं आणि पहिल्यांदा ओढजाळं घातलं. एक मासा लागला नाही. त्या दिवशी हे घरी येऊन बराच वेळ पाय न धुता ओसरीवर बसले. मी विचारलं तर एवढंच म्हणाले की जाळं येताना जड लागत होतं, आत मासळी धडपडत होती, आणि काठाशी येताच हलकं झालं. मी म्हटलं, गाळात अडकलं असेल. हे म्हणाले, असेल.

मग शोधाशोध सुरू झाली. पाणमांजरं आहेत का? कुणालाच माग दिसला नाही. पाणकावळे? एवढे कुठले. चोरी म्हणावी तर बांधावर लोक राहतात. पाणी सोडायच्या मोरीवर बारीक जाळी ठोकली. पाण्याच्या बाटल्या तपासायला पाठवल्या. पाणी उत्तम निघालं. मुनियप्पाला ह्यांनी खोदून खोदून विचारलं की या तळ्याची काही जुनी गोष्ट आहे का, कुणी बुडालं होतं का, काही नवस होता का. मला ते ऐकून नवल वाटलं, कारण असले प्रश्न ह्यांच्या तोंडी कधी नसत. पण मुनियप्पा म्हणाला, काही नाही. त्याचा आजा इथे मासे धरायचा, बाप धरायचा, आणि मासे धरणं सोडून इथे कधी काही घडलंच नाही.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे — हाप्यातले मासे जिवंत होते. नुसते जिवंत नव्हे, फोफावले होते. तेच पाणी, तेच बी, मध्ये फक्त एक कापड.

दुसऱ्या खेपेची पिल्लं ह्यांनी चांगली बोटभर वाढवून सोडली. ती पण गेली. तेव्हा ह्यांनी ठरवलं की हाप्यातले मोठे मासेच सोडायचे, पण डोळ्यांदेखत. त्या दिवशी मी हट्टाने बरोबर गेले. सकाळचं स्वच्छ ऊन होतं. हापा काठाजवळच होता. आधी त्याच्याभोवती ओढजाळं अर्धवर्तुळात लावून घेतलं, दोन्ही टोकं जमिनीवर. म्हणजे मासा निघाला तरी जाळ्यातच निघणार. गडी थोडे होते म्हणून एका दोरीला मी आणि गौरम्माही लागलो. ह्यांनी पाण्यात उतरून कापडाची कड खाली केली. मासे बाहेर पडताना मी स्वतः पाहिले — चंदेरी, हातभर लांब, एकामागून एक. पाणी ढवळलं, पाठी दिसल्या. मुनियप्पाने खूण केली आणि आम्ही ओढू लागलो.

दोरी हातात जिवंत झाली. मासळीने भरलेलं जाळं ओढताना काय वाटतं हे मला तोवर माहीत नव्हतं. एक सारखी ओढ नसते ती. बारीक बारीक हिसके, शेकडो, वेगवेगळ्या बाजूंना — दोरीतून थेट दंडापर्यंत येतात. माझ्या मागून गौरम्मा हळूच म्हणाली, “मीनु.” मासे. सगळ्यांचे चेहरे उजळले. जाळं जवळ येत गेलं, गुडघाभर पाण्यात आलं... आणि दोरी ढिली पडली. पलीकडच्याने सोडून द्यावी तशी. मी मागे गौरम्माच्या अंगावर पडले.

जाळ्यात शेवाळ होतं. मडक्याचा एक तुकडा होता. बस. ह्यांनी जाळ्याचा हातन् हात तपासला, कुठे भोक नाही. हाप्यात पाहिलं, हापा रिकामा.  एक म्हातारा कोळी तोंड धुवून घरात गेला आणि सामान बांधायला लागला.

त्यानंतर एकेक घर उठलं. भूत म्हणून नाही हो, पोट म्हणून. नवी मासळी हाती येत नव्हती आणि जुनी ह्यांनीच काढून टाकली होती. मुनियप्पाची मुलं वीटभट्टीवर गेली. ज्या मुलांना शाळेत घालायचं म्हणून हे सगळं आरंभलं होतं, तीच. ह्यांनी दुसऱ्या तळ्यांतून मरळी आणून सोडून पाहिल्या. त्याही दिसल्या नाहीत. बाकीच्या तळ्यांत रोहू-कटला व्यवस्थित वाढत होते, खात्याचं नाव होत होतं, आणि ह्यांचं मन मात्र तिकडे लागेना. वरिष्ठांनी होंगेकेरे यादीतून काढलं, ह्यांना कचेरीत टेबलाशी बसवलं. हे रविवारी स्वतःच्या खर्चाने जात राहिले. मुनियप्पा आणि गौरम्मा दोघंच बांधावर राहिले होते. का राहिले, कुणास ठाऊक. कदाचित हे येतात म्हणून.

मग साठच्या दशकाच्या मध्याला पाऊस हुकला. पाठोपाठ दुसऱ्या वर्षीही हुकला. होंगेकेरे आटत आटत कोरडं पडलं. आश्चर्य वाटेल, पण हे खुश झाले. म्हणाले, आता कळेल. तळाशी बिळं असतील, कपारी असतील, निदान हाडं तरी असतील. इतके मासे गेले, त्यांचे काटे तरी कुठे जातील?

आम्ही गेलो. दुपार होती. तळाला भेगा पडल्या होत्या, टाचांना चटके बसत होते. हे काठी घेऊन भेगा न् भेगा उकरत फिरले. काटा नाही. खवलं नाही. शिंपलासुद्धा नाही. हाप्याचे चार बांबू तेवढे उभे होते. ह्यांनी अंगातला शर्ट काढून डोक्यावर घेतला होता आणि ह्यांची पाठ भाजून लाल झाली होती, तरी हे थांबेनात.

मुनियप्पाने त्या दिवशी आपलं मोठं जाळं बाहेर काढलं होतं. ती दोघंही आता भट्टीवर जाणार होती, आणि जाळं एका नातेवाइकाला द्यायचं होतं. फाटलंय का बघायला त्याने ते तळ्याच्या कोरड्या तळावरच पसरलं होतं. बघून झाल्यावर ते बांधाकडे ओढून गुंडाळायचं होतं. एका दोरीला मुनियप्पा आणि गौरम्मा, दुसरीला हे आणि मी.

कोरड्या ढेकळांवरून जाळं ओढायला जड जातं, त्यात नवल नाही. आम्ही थोडं ओढलं असेल... आणि दोरी हातात जिवंत झाली.

मी जे बघत होते तेही सांगते. आम्ही ओढायचं थांबलो होतो आणि जाळं समोर उन्हात पडलं होतं. त्याचा एक धागा हलत नव्हता. त्याला पाण्यावर तरंगतं ठेवणारी लाकडी बोंडं हलत नव्हती. माती स्थिर होती. आणि माझ्या तळहातात ते हिसके येत होते, बारीक बारीक, शेकडो, इकडे तिकडे. आधीच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त. तळं भरून मासळी असावी तितके. पलीकडे गौरम्माने दोरी टाकली आणि तळहात पदराला पुसू लागली. मुनियप्पाने टाकली नाही, दोन्ही मुठींत आवळून धरली. मी ह्यांना म्हटलं, “सोडा.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“आहेत,” हे म्हणाले. “सगळे आहेत गं.”

कलकत्त्याहून डबे घेऊन आले होते ना, अगदी तसा चेहरा झाला होता. मग दोरी ढिली पडली.

मुनियप्पाने जाळं तिथेच सोडलं. गुंडाळलं नाही, नातेवाइकाला दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दोघं भट्टीवर निघून गेली. जाताना तो ह्यांच्या पाया पडला. त्याने एखादी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी नंतर पुष्कळ विचार केला. उन्हाने डोकं फिरलं म्हणावं, तर चौघांचं एकाच क्षणी? भूकंपाचा बारीक धक्का असता तर पाय हलले असते, नुसते हात नाही. ढेकळांमुळे दोरी थरथरते, हे मी मुद्दाम शेतात दोरीला पोतं बांधून ओढून पाहिलं. नाही होत तसं. एका ओळखीच्या प्राध्यापकांना सांगितलं, तर त्यांनी मला जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या.

ह्यांचं पुढे काय झालं ते थोडक्यात लिहिते, कारण लांबवायला मला जमणार नाही. पुढच्या पावसात तळं पुन्हा भरलं. हे दर रविवारी जायचे आणि संध्याकाळी चिखलाच्या पायांनी परत यायचे. मासळी तिथेच आहे, फक्त ती काढायची कशी ते सापडत नाही, असं म्हणायचे. आधी मोठ्याने म्हणायचे, मग फक्त मला, मग कुणालाच नाही. सासूबाईंनी देवाला कौल लावले, धाकट्या दिरांनी डॉक्टर केले. नोकरी सुटली. जेवण तुटलं. शेवटी काविळीने अंथरूण धरलं, ते उठलेच नाहीत. वय काही फार नव्हतं.

त्या आजारपणात एका सकाळी शुद्ध चांगली होती. मी पेज भरवत होते. हे म्हणाले, “ती एक जोडी ठेवायला हवी होती का?”

मी म्हटलं, “मला नाही सांगता येत.”

हे हूं म्हणाले आणि पेज प्यायले. त्याबद्दल आमच्यात झालेलं ते शेवटचं बोलणं.

ते गेल्यावर काही महिन्यांनी सिटी मार्केटात भाजी घेताना कुणीतरी “अक्का” म्हणून हाक मारली. गौरम्मा होती. जमिनीवर फडकं पसरून कोथिंबीर विकत बसली होती. विटांच्या धुळीने केस तांबूस झालेले, दात पडलेले. मी ओळखलंच नसतं. माझं कपाळ बघून तिला कळलं. मुनियप्पाही वारला होता. भट्टीवर छाती भरली आणि गेला, म्हणाली. मुलं अजून तिथेच आहेत. मी तिच्या फडक्याशेजारी बसले. बाजार चालला होता, लोक आमच्यावरून वाकून भाव विचारत होते.

एका गिऱ्हाइकाला जुडी देऊन तिने विचारलं, “अक्का, ती मासळी कुठे गेली? सामींना शेवटी कळलं का?”

मी म्हटलं, नाही. त्यांना नाही कळलं, मलाही नाही कळलं.



तिने मान हलवली. “सरी,” म्हणाली, आणि कोथिंबिरीवर पाणी शिंपडायला लागली.